परकोटातला बाजार कोणी उठवला?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक काम मागणार आहे.

मागच्या आठवड्यात गोल बाजाराकडून निघणाऱ्या एका गल्लीतलं वह्या-पुस्तकांचं दुकान बंद झालं. बातमी आली नाही. माझ्याही पेपरात नाही. दुकान बंद होणं ही आता आपल्याकडे बातमी राहिलेली नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करून परत आलो, तेव्हा पहिलं रायटिंग पॅड अन् पेनाच्या रिफिल मी याच दुकानातून उधारीवर घेतल्या होत्या. ती उधारी काकांनी कधी मागितली नाही, म्हणून मीच लाजून चार महिन्यांनी दिली.

शेवटच्या दिवशी गेलो. काका उरलेला माल पोत्यात भरत होते. म्हटलं, काका, अजून काही दिवस चालवायचं होतं. ते म्हणाले, "भाऊ, दुकान मी थोडीच बंद केलं? गिऱ्हाईकानं केलं. मी तं फक्त कुलूप लावून राह्यलो."

त्या रात्री हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण ते गिऱ्हाईक मीसुद्धा आहे. पोरीच्या शाळेची पुस्तकं गेली दोन वर्षं मी मोबाइलवरून मागवतो. तरी काकांचं म्हणणं अर्धंच खरं आहे, असं माझं मत झालं. बाजार नुसत्या गिऱ्हाईकाच्या लहरीनं उठत नाही. तो बसवावा लागतो, अन् उठवणाराही कोणीतरी असतो. चंद्रपूरचा इतिहास तेच सांगतो. म्हणून थोडं मागं जाऊ.

आपलं गाव म्हणजे परकोटाचं गाव. दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला आला, झरपटीकाठच्या कुंडाच्या पाण्यानं त्याच्या अंगावरच्या गाठी बऱ्या झाल्या, अन् सशानं कुत्र्याचा पाठलाग केला तिथं किल्ला बांधायचं ठरलं. कथा बाजूला ठेवा, तट मात्र डोळ्यांसमोर आहे. बांधायला पिढ्या लागल्या. उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर अशा चार वेशी, अन् बगड, हनुमान, विठोबा, मसान, चोर अशा खिडक्या. तट शत्रूसाठी असतो हे खरं, पण तो व्यापाऱ्यासाठीही असतो. जंगलाच्या मुलखात ज्याच्याकडे चार पोती धान्य अन् दोन गाठोडी कापड आहे, त्याला रात्री वेस बंद होणारं गाव लागतं. म्हणजे आपला पहिला बाजार आपोआप उगवला नाही. कोणीतरी भिंत बांधली, म्हणून तो आत बसला.

पुढे १७५१ मध्ये गोंडांचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं अन् चांदा हे इंग्रजी जिल्ह्याचं ठिकाण झालं. १८६७ मध्ये नगरपालिका आली. राजे बदलले, पण बाजार आतच राहिला, कारण कचेरी इथं होती. सिरोंचा, अहेरी, गडचिरोली, ब्रह्मपुरी, मूल, सगळ्यांची कोर्टाची तारीख चांद्यात लागायची. माणूस तारखेला यायचा अन् जाताना लुगडं, कंदील, मीठ, औषध घेऊन जायचा. गडचिरोलीकडचे म्हातारे लोक अजूनही चंद्रपूर म्हणत नाहीत, "चांद्याले जाऊन येतो" म्हणतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे आली. स्टेशन तटाच्या बाहेर. नागभीड-गोंदियाकडची छोटी गाडी चांदा फोर्टला लागायची, तेही तटाबाहेरच. १९२९ च्या सुमारास बल्लारशावरून दिल्ली-मद्रास रस्ता सलग झाला. दुसऱ्या एखाद्या गावात बाजार तेव्हाच स्टेशनासमोर सरकला असता. आपल्याकडे नाही सरकला. उतरलेला माणूस जटपुरा गेटातून आत यायचा, कारण सामान आत, सराफ आत, शिंपी आत, खानावळ आत.

आता जुन्या बाजाराचं फार गोडवं गाऊ नये, हेही सांगतो. जंगलातल्या माणसाकडून चारोळी घेऊन त्याच मापानं मीठ देणारे व्यापारी याच मुलखात होते. मापात मारणारे होते, सावकार होते. त्यामुळे १९६३ चा बाजार समितीचा कायदा आला, १९६९ मध्ये तेंदूपानाचा व्यापार सरकारनं हातात घेतला, अन् पुढे आदिवासींचा माल एकाधिकारानं खरेदी करायची पद्धत आली. ते गरजेचं होतं. पण त्याची एक बाजू आपण पाहिली नाही. धान्याचा ठोक व्यवहार समितीच्या यार्डात गेला, पान-मोहाचा सरकारी गोदामात अन् ठेकेदाराकडे. बंडीनं माल घेऊन येणारा शेतकरी जो पैसा त्याच दिवशी त्याच गल्लीत खर्च करायचा, तो पैसा गल्लीत यायचा थांबला. वजन-मापाचा अन्याय थांबवायचा होता, त्याबरोबर पायांची वर्दळही उठली. ती परत कशी आणायची, याचा विचार कोणाच्या फायलीत नव्हता.

मग आली दोन वर्षं, १९८२ अन् १९८३. माझ्या मते चंद्रपूरच्या बाजाराचा नकाशा या दोन वर्षांनी बदलला.

२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. फार बरं झालं. सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टरच्या सहीसाठी चांद्यापर्यंत येणं हा जाचच होता. पण अर्ध्या मुलखाचं येणं-जाणं त्या दिवसापासून हळूहळू दुसरीकडे वळलं. गडचिरोलीत इंदिरा गांधी चौकाभोवती नवा बाजार उभा राहिला. त्यांचं चांगलंच झालं, आपलं गिऱ्हाईक मात्र गेलं.

१९८३ मध्ये वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. त्याआधी १९७५ मध्ये वेकोलि स्थापन झाली होती, अन् बल्लारपूरचा कागद कारखाना तर चाळीसच्या दशकापासून होता. गावात पगार आला. कधी नव्हे इतका पैसा आला. पण पगारदार राहायला गेला ऊर्जानगरला, दुर्गापूरला, तुकूमला, नागपूर रोडला. घरं बाहेर गेली की शाळा बाहेर जातात, दवाखाने जातात, मग दुकानं जातात. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख २० हजारांवर गेली होती. त्यातला मोठा हिस्सा तटाबाहेर वाढला. माझ्या पोरीच्या वर्गात अशी मुलं आहेत, ज्यांनी बिनबा गेट पाहिलेलं नाही. चंद्रपुरात जन्मलेली मुलं, बरं का.

म्हणजे बाजार कमजोर झाला तो मोबाइलच्या फार आधी. नोटाबंदी २०१६ ची, जीएसटी २०१७ चा, लॉकडाऊन २०२० चा. हे धक्के मोठेच होते, पण ते आधीच खिळखिळ्या झालेल्या दारावर बसले.

आता मुद्द्याचं. दुकान बंद पडणं समजू शकतं. दुकान रिकामं राहणं कसं समजायचं? गावात धंदा करू पाहणारी पोरं-बाया आहेत, अन् जागा कुलपात आहेत. मागच्या रविवारी जटपुरा गेटापासून गांधी चौकापर्यंत अन् मग आतल्या गल्ल्यांमधून पायी फिरलो. मोठ्या रस्त्यावर गर्दी आहे, तिथं पाहून कोणी म्हणणार नाही की बाजार ओस पडतोय. गल्लीत वळा, वरच्या माळ्यावर चढा, मग दिसतं. दिवसाढवळ्या बंद असलेली शटरं मोजता मोजता दोन्ही हातांची बोटं संपली. काहींवर जुन्या पाट्या तशाच आहेत, फोन नंबर पाच आकडी.

ही शटरं बंद का, याची कारणं विचारत गेलो तर तीन निघाली.

पहिलं कारण भाड्याचा कायदा. आपल्या विदर्भात आधी १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश होता. ३१ मार्च २००० पासून राज्याचा एकच कायदा आला. जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं. २००० साली ५० रुपये भाडं असेल तर आज दीडशेच्या आतच. मालकाला त्यात घरपट्टी निघत नाही, म्हणून तो छप्पर शेकारत नाही. भाडेकरूनं पगडी मोजलेली, म्हणून तो धंदा संपला तरी चावी सोडत नाही. सहा महिने कारणाशिवाय जागा वापरली नाही तर मालक ताबा मागू शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं, अन् कोर्टाचं तुम्हाला माहीतच आहे. दोघंही आपापल्या जागी खरे, अन् मधे कुलूप. त्यात आणखी एक गंमत बघा. बँका अन् एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या या संरक्षणाच्या बाहेर आहेत. म्हणजे मालकाला मोठी कंपनी सोयीची वाटते, अन् गावचा पोरगा धोक्याचा.

दुसरं कारण आपला लाडका परकोट. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरात परवानगी घेऊन. दुरुस्तीलाही परवानगी लागते. मी या कायद्याच्या विरोधात नाही. तो नसता तर तटाचे दगड कोणाच्या तरी पायव्यात गेले असते. पण तटाजवळ ज्याचं पडकं दुकान आहे, त्याला नवं बांधता येत नाही अन् जुनं दुरुस्त करायचं तर कागद घेऊन फिरावं लागतं. तो कंटाळून कुलूप लावतो.

तिसरं कारण घरातलं. चार भाऊ, दोन बहिणी, एक दुकान. वडील गेले, वाटणी झाली नाही. एक पुण्याला, एक हैदराबादला. एकाची सही राहिली की शटर दहा वर्षं उघडत नाही.

तिन्हींत ऑनलाइन कुठं आहे? कुठंच नाही. म्हणून म्हणतो, काकांचं वाक्य अर्धंच खरं.

आता एक प्रसंग. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकडची एक ताई आहे. चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकली. टोपल्या, दिवे, पेनस्टँड करते, हात फार चांगला आहे. तिला दिवाळीपुरती, फक्त तीन महिन्यांसाठी, परकोटात जागा हवी होती. मी तिच्यासाठी तीन मालकांकडे गेलो. तिघांचीही दुकानं बंद. तिघांनीही चहा पाजला. अन् तिघांचं उत्तर एकच, "ताईवर इश्वास हाय भाऊ, पन एकदा देल्ली जागा वापस भेटत नाही." ती आता रस्त्याच्या कडेला चटई टाकून बसते. तिच्या मागे कुलूपबंद शटर, अन् ती उन्हात. हे चित्र मी रोज पाहतो.

यात माझा स्वार्थ आहे, तोही उघड सांगतो. माझा पेपर दुकानांवर चालतो. दिवाळी, गुढीपाडवा, शाळा सुरू व्हायच्या आधीचा जून, या तीन हंगामांत कापडवाला, सराफ, भांडेवाला, पुस्तकवाला पाव-पाव पान जाहिरात देतात. त्यावर वर्षभराचा कागद निघतो. मोठ्या साखळी दुकानाची जाहिरात मुंबईत ठरते, ती माझ्यापर्यंत येत नाही. गणपतीची वर्गणी, भजनी मंडळाचा माइक, शाळेच्या बक्षिसाची पेनं, हे सगळं गावचा दुकानदार देतो. दुकान बंद झालं की नळाला पाणी का नाही हे विचारणारी चार कॉलमची बातमीही हळूहळू बंद होते. लोक म्हणतात पत्रकार विकले गेले. काही विकले गेले असतील. पण बरेचसे असेच, एकेका शटरागणिक, संपले.

मग करायचं काय? लोकांनी कुठं कुठं काय केलं ते बघू.

जपानमध्ये गावोगावच्या अशा बाजारांना नावच पडलं आहे, शटरवाला रस्ता. म्हणजे दुखणं आपलं एकट्याचं नाही. इंग्लंडमध्ये २ डिसेंबर २०२४ पासून स्थानिक संस्थांना एक अधिकार मिळाला. दोन वर्षांत ३६५ दिवस दुकान रिकामं राहिलं, तर संस्था त्याच्या भाडेपट्ट्याचा लिलाव करू शकते. मुदत एक ते पाच वर्षं. मालकी मालकाकडेच राहते, फक्त कुलूप निघतं. आपल्याकडे असा कायदा नाही, पण त्यातली कल्पना घेता येते. मालकाची भीती ही की जागा परत मिळणार नाही. मग मधे महापालिका उभी राहिली तर? तिनं मालकाकडून ठरावीक मुदतीनं जागा घ्यायची, तीन-तीन महिन्यांनी नव्या धंदेवाल्याला द्यायची, अन् परत करायची हमी स्वतः घ्यायची. सुरुवात स्वतःच्या संकुलातल्या एखाद्या रिकाम्या गाळ्यापासून करता येईल.

अहमदाबादच्या जुन्या शहरातला माणेक चौक बघा. सकाळी भाजी, दुपारी सराफा, रात्री खाऊगल्ली. एकच चौक तीन पाळ्यांत पोट भरतो. आपल्या आतल्या गल्ल्या रात्री आठला चिडीचूप होतात.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस गाड्यांना बंद करून फक्त चालणाऱ्यांना देतात. आपल्याकडे जटपुरा गेटाची कोंडी हा रोजचा विनोद झाला आहे. महिन्यातला एक रविवार गाड्या वेशीबाहेर अन् माणसं आत, एवढं करून पाहायला काय हरकत आहे? म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी ई-रिक्षा ठेवा. बायकांसाठी स्वच्छ मुतारी ठेवा. हसू नका. खेड्यावरून आलेली बाई बाजारात किती वेळ थांबते, हे सोय आहे की नाही यावर ठरतं, अन् ती थांबली तरच खरेदी होते. फेरीवाल्यांना हाकलून दुकान चालत नाही. २०१४ च्या कायद्यानं त्यांना जागा द्यायची आहे, अन् चटईवाल्या ताईमुळे गल्लीत माणूस येतो.

अन् पर्यटक? ताडोबाला देशभरातून लोक येतात. १९५५ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. वाघ पाहतात अन् नागपूरला परत जातात. राणी हिराईनं बिरशहासाठी बांधलेली समाधी, अंचलेश्वर, महाकाली, तट, हे सगळं एका दुपारच्या पायपिटीत बसतं. त्या वाटेवर चामोर्शीच्या ताईचं दुकान असेल तर?

"आपल्याकडे काही होत नाही" म्हणणाऱ्यांना एकच आठवण. १ मार्च २०१७ ला इको-प्रोच्या पोरांनी बंडू धोतरेंसोबत परकोटाची झाडंझुडपं अन् कचरा काढायला सुरुवात केली, तेव्हाही आपण हेच म्हणालो होतो. दोनशे दिवसांच्या वर ते रोज सकाळी तिथं होते. त्याच ऑक्टोबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं नाव घेतलं. भिंत साफ झाली, लोक तटावर फिरायला लागले. बुरुजावर झाड वाढलं होतं ते कोणाच्या नशिबानं नाही, दुर्लक्षानं. अन् निघालं ते कोयत्यानं. शटरांचंही तेच आहे. ती आपण कोणीतरी केलेल्या कायद्यांनी, न केलेल्या सह्यांनी अन् न विचारलेल्या प्रश्नांनी बंद आहेत.

आता तुमचं काम. आपल्या वॉर्डातली बंद दुकानं मोजा. मालकाचं नाव, फोटोत माणसं, असलं काही टाकू नका, कोणाची बदनामी करायची नाही. गल्ली, शटरांची संख्या, किती वर्षांपासून बंद, इतकंच कळवा. भानापेठ, बालाजी वॉर्ड, विठ्ठल मंदिर वॉर्ड, घुटकाळा, पठाणपुरा, सगळीकडून. गडचिरोली, वडसा, आरमोरीवाल्यांनी आपापल्या बाजाराचं कळवा. यादी झाली की मी ती छापतो अन् महापालिकेत नेऊन देतो. कारण आजपर्यंत आपण सगळे "लय दुकानं बंद पडली" एवढंच म्हणतो. आकडा हातात नसेल तर समोरचा मान डोलावतो अन् विसरतो.

काकांच्या दुकानाचं सांगायचं राहिलं. जागा त्यांची स्वतःची आहे, पगडीची नाही. काल संध्याकाळी परत गेलो अन् चामोर्शीच्या ताईबद्दल बोललो. म्हटलं, दिवाळीपर्यंतच, करारनामा नोंदवून. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाईले म्हना, पाटी नोको काढू माह्या बापाच्या नावाची. खाली आपली लाव."

मुलं पुण्याहून काय म्हणतात, त्यावर आता अवलंबून आहे. सही झाली तर कळवतो. नाही झाली तरी कळवतो.